आमच्या पडवीतले बाकडे



आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम. आयुष्याची चोवीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या, आवक-जावक नोंदवही आणि अलीकडे संगणकाचा पडदा यांच्यासमोर गेली. लाकडाशी आमचा संबंध काय, तर बसायची खुर्ची आणि कानावर अडकवलेली पेन्सिल. अशा माणसाने गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरीतल्या आपल्या घराच्या पडवीत सुतारकामाचे भक्कम बाकडे उभे केले. बाकड्यावर लेख लिहिण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटेल. पण ते उभे करताना घरातल्या तीन पिढ्यांचा जो हिशेब निघाला तो आपल्या समाजातल्या अनेक घरांचा आहे असे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा मुलगा बारावी कॉमर्सला दोनदा नापास झाला. आम्ही बी.कॉम., तेव्हा त्यानेही बी.कॉम. व्हावे, पुढे स्पर्धा परीक्षा द्यावी, साहेब व्हावे, हे आम्ही तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकले होते. त्याला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, मला आयटीआयला जायचंय. सुतारकाम घेणार."

आम्ही दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. चौदा एप्रिलला वाडीवाडीत माईक धरून "मुलांना शिकवा" म्हणून सांगणारे आम्ही. आता लोक काय म्हणतील, ही धास्ती आधी वाटली. मुलाचे काय होईल ही काळजी नंतरची. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही.

लोक बोललेच. एका बैठकीनंतर चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने बाजूला घेऊन विचारले, "आपल्या बापजाद्यांनी हलकी कामं टाकली म्हणून आपण माणसांत आलो. तुम्ही पोराच्या हातात परत हत्यार देणार?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर मिळाले घरातच, आमच्या वडिलांकडून.

वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुंबईत गिरणीत होते, रिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही तीन वर्षांचे होतो. संप लांबला, खोली सुटली, बिऱ्हाड गावी आले. हाताला काम हवे म्हणून वडील गावातल्या एका कारागिराकडे गेले. "फळ्या वाहीन, करवत ओढीन, मला धंदा शिकव," म्हणाले. त्याने पडवीच्या बाहेर उभे ठेवले. फळ्या वाहायला हरकत नव्हती, पण रंध्याला हात लावायचा नाही, अशी अट घातली. वडील आठ दिवस फळ्या वाहत राहिले, नवव्या दिवशी गेले नाहीत. ही गोष्ट त्यांनी आम्हाला चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. नातवाचा विषय निघाला तेव्हा सांगितली. वर एवढेच म्हणाले, "माज्या हातातला रंधा काडून घेतलानी. त्याच्या हातात आपणून येतोय, तर तू कशाला आडवा येतस?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'चा विचार मांडताना जातिव्यवस्थेवर जे आक्षेप घेतले, त्यात मोठा आक्षेप हा की ती माणसाचा धंदा त्याच्या जन्माआधीच ठरवते. त्यात आवड, कुवत, निवड कशालाच जागा नाही. म्हणजे विटाळ हातातल्या हत्याराला कधीच नव्हता, सक्तीला होता. आपल्या लोकांनी जी कामे टाकली ती लादलेली होती. सुतारकाम आपल्यावर कोणी लादले नव्हते, उलट त्यातून आपल्याला बाहेर ठेवले होते. बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारकडे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या जोडीने तांत्रिक शिक्षणाची सोयही मागितली होती. आम्ही भाषणांत उच्च शिक्षणाचा भाग सांगत आलो, दुसरा गाळत आलो.

मुलाने आयटीआयला प्रवेश घेतला. सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. तिथे कोणी कुळ विचारत नाही, हात सरळ चालतो का एवढे पाहतात. पण संस्थेतले बाकडे तासापुरतेच वाट्याला येते. घरी सराव करायचा तर तो जमिनीवर फळी ठेवून, पायाने दाबून करवत चालवायचा. एकदा करवत घोट्याला लागली. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, अभ्यासाला टेबल घेऊन दिलंत ना? मग ह्या अभ्यासालाही टेबल लागतं."

मग आम्ही मनावर घेतले आणि पहिल्याच फटक्याला तोंडावर आपटलो.

झाले असे. मुलाने कागदावर आराखडा काढून दाखवला. त्यात आडव्या पट्ट्या, सांधे, बोल्ट असा बराच पसारा होता. आम्ही खर्चाचा अंदाज काढला आणि म्हणालो, "चार पाय आणि वर फळी. टेबल म्हणजे दुसरं काय असतं?" एका रविवारी आम्ही स्वतः मापे घेतली, जुने वासे कापून चार पाय केले, वर प्लायवूड ठोकले, भरपूर खिळे मारले. दिसायला छान दिसले. मुलाने फळी ठेवून रंधा मारायला घेतला, तिसऱ्या हाताला बाकडे डुलू लागले, दहाव्या हाताला वीतभर पुढे सरकले, आणि संध्याकाळपर्यंत एक पाय तिरका झाला.

मुलगा हसला नाही. त्याने चार पट्ट्या घेऊन कोपऱ्यांना एकेक खिळा मारून चौकट केली आणि आमच्या हातात दिली. "दाबा बाबा." दाबली तर चौकट सहज तिरकी झाली. मग त्याने पाचवी पट्टी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठोकली. "आता दाबा." चौकट हलेना. चौकोन मोडतो, त्रिकोण मोडत नाही, हे आम्ही शाळेत भूमितीत शिकलो असणार. पण हाताला कळले त्या दिवशी.

त्याने पुढे समजावले ते असे. जेवणाच्या टेबलावर वजन वरून खाली येते, चार पाय ते सहज पेलतात. सुतारकामाच्या बाकड्याला धक्का बसतो तो आडवा, रंध्याच्या प्रत्येक हाताबरोबर. म्हणून पाय एकमेकांना खालीवर आडव्या पट्ट्यांनी जखडावे लागतात. शिवाय पायाच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने मारलेला खिळा लाकूड नीट धरून ठेवत नाही, धक्क्यांनी सैल होतो. तिथे सांधाच लागतो: एका लाकडात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारे कुसू.

दुसऱ्या वेळी आम्ही गुमान मदतनीस झालो.

आधी लाकूड. नवे सागवान आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. पण कोकणात आता कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे होताहेत, त्यांच्या जुन्या तुळया, वासे, चौकटी वखारीत मिळतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले हे लाकूड पूर्ण वाळलेले असते, पुढे फारसे वाकत-पिळवटत नाही. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. टोकाला टोचून पाहावे, भुसभुशीत लागले तर आत वाळवी किंवा कीड आहे असे समजावे. दुसरे म्हणजे खिळे. आत मोडलेला खिळा राहिला तर सॉ मिलचे पाते तुटते, म्हणून मिलवाला जुने लाकूड कापायला नाराज असतो. मुलाने बिघडलेल्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून ते प्रत्येक तुळईवरून फिरवले. जिथे ते ओढले गेले तिथे खडूची खूण केली. आम्ही एकूण त्रेचाळीस खिळे उपटले. नोंद ठेवायची सवय आमची, दुसरे काय.

वखारवाल्याने तुळया देताना "बर्मा टीक आहे" असे सांगितले. खरे-खोटे तोच जाणे. पण त्या शब्दाने आमच्या वडिलांना थिबा राजाची आठवण झाली. रत्नागिरीकरांना हा वाडा परका नाही, पण त्यामागे लाकूड आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही इंग्रजांची कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलातून सागाचे ओंडके काढत असे. त्या ओंडक्यांच्या हिशेबावरून तिचा राजदरबाराशी तंटा झाला, राजाने दंड ठोठावला, आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली युद्ध पुकारले. तो बौद्ध राजा पदच्युत होऊन १८८६ साली रत्नागिरीत कैदी म्हणून आला. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. मुलाला घेऊन आम्ही पुन्हा एकदा तो वाडा पाहिला. पूर्वी आम्ही राजाची कथा ऐकून परतायचो. ह्या वेळी मुलगा कोरीव कमानदार खिडक्यांपाशी थांबून सांधे बघत राहिला. हे काम करणाऱ्या हातांची नावे तिथे लिहिलेली नाहीत.

आता बाकड्याची मापे सांगतो, कोणा घरी उपयोगी पडतील. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट. वरच्या फळ्या सहा इंच रुंद व अडीच इंच जाड, अशा चार. उंचीचा नियम असा की ताठ उभे राहून हात सैल सोडावेत, मनगटाच्या घडीपर्यंत बाकडे यावे. उंच झाले तर रंध्यावर अंगाचा भार येत नाही, ठेंगणे झाले तर कंबर धरते. आम्ही टेप घेऊन आपल्या मनगटापर्यंत मोजले, एकतीस इंच. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, काम कोण करणार?" त्याचे भरले तेहतीस. दोन इंचांचा फरक, पण आम्हाला तो फार लागला. एकोणीस वर्षे आम्ही ह्या मुलाला आपल्या मापाने मोजत आलो, हे त्या क्षणी कळले.

तेहतीसातून फळीची जाडी अडीच वजा केली. पायाखाली कडाप्प्याचा इंचभर तुकडा ठेवायचा, तोही वजा केला. उरले साडेएकोणतीस, ती पायाची लांबी. दगडाचा तुकडा आम्ही हिशेबात विसरलो होतो, मुलाने आठवण केली. हा दगड अशासाठी की लाकडाचे टोक पाणी भराभर पिते आणि जमिनीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लवकर गाठते. पायांच्या तळांना वरून डांबरही लावले.

पाय साडेतीन इंच चौरस, फणसाच्या जुन्या चौकटीचे. दोन-दोन पायांच्या जोड्या करून त्यांना वर-खाली आडव्या पट्ट्या कुसू घालून बसवल्या. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा ठेवावी, म्हणजे कुसूही मोडत नाही आणि भोकाच्या कडाही चिरत नाहीत. सांध्यातून आरपार लाकडी खुंटी मारली. लांबीकडच्या दोन पट्ट्यांना मात्र जाड बोल्ट लावले, कारण पुढेमागे घर बदलले तर बाकडे सोडवता यावे. बोल्ट दुसऱ्या महिन्यात पुन्हा आवळायचे असतात. मागच्या बाजूला दोन तिरके टेकू दिले.

चौकट काटकोनात आहे की नाही हे तपासायची युक्ती आमच्या फार आवडीची झाली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, मग दुसऱ्या जोडीला तीच लावायची. दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन बरोबर. पहिल्या खेपेला तीन सुतांचा फरक आला. एक इंचात आठ सूत असतात, म्हणजे पाव इंचाहून जास्त. मुलगा चालवून घ्यायला तयार होता, इथे आम्ही हटून बसलो. जमा आणि नावे जुळल्याशिवाय ताळेबंदावर सही करायची नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. सैल करून, ठोकून पुन्हा जुळवले. इतक्या दिवसांत आमचे बी.कॉम. कामी आले ते एवढेच!

वरच्या फळ्या एकमेकींना चिकटवल्या नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटाचे खण अडकतात, दारे फुगतात, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. लाकूड लांबीत वाढत नाही म्हटले तरी चालेल, पण रुंदीत फुगते. म्हणून मेच्या कोरड्या हवेत दोन फळ्यांमध्ये एकेक सूत फट ठेवली आणि प्रत्येक फळी दोन्ही टोकांना मधोमध एकेका बोल्टने कसली. बोल्टची डोकी लाकडात खोल बुडवली, नाहीतर रंध्याचे पाते त्यांच्यावर जाऊन बसते. डाव्या टोकाला, पुढच्या बाजूने, भंगारातून घेतलेला वाइस बसवला. मुलगा उजवा आहे म्हणून डावीकडे. डावखुऱ्याने उलट करावे.

शेवटी वजन. बाकडे जितके जड तितके स्थिर. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून मांडणी केली आणि तिच्यावर घराच्या कामातून उरलेले चार जांभे चिरे ठेवले. तेव्हापासून बाकडे जागचे हललेले नाही. कोकणात चिऱ्याला तोटा नाही!

एकूण खर्च असा: लाकूड ४,२०० रुपये, सॉ मिलची कापणी ७००, बोल्ट वगैरे ६४०, वाइस १,८००. बेरीज ७,३४० रुपये. आमच्या घरच्या मोबाइलला याहून जास्त पैसे पडले होते.

सागाच्या भुशाने नाक चुरचुरते, काहींच्या अंगाला खाजही येते. रंधताना तोंडाला फडके बांधावे. आपल्या खाऱ्या हवेत हत्यारे लवकर गंजतात, काम झाले की पुसून तेलाचा हात फिरवावा. पडवीला पावसाची झड लागत असेल तर ताडपत्री लावावी.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैत आम्ही फळ्यांच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहिले, जाईना. फटी मिटल्या होत्या, पण एकही फळी उचकटली नव्हती. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झाले, तेव्हा मुलाने आपल्या बाकड्यावरचे पहिले काम हाती घेतले. विहारातल्या अभ्यासिकेत मुले जमिनीवर पालथी पडून लिहीत, त्यांच्यासाठी सहा बैठी डेस्के. पहिल्याचा खण अडकतो. सहाव्याचा बोटाने सरकतो. विहारात ती मांडली त्या दिवशी आमचे ते जुने सहकारीही आले होते. त्यांनी सहाव्या डेस्काचा खण दोनदा उघडून मिटला आणि मुलाला विचारले, "ग्रंथांचं कपाट किती दिवसांत होईल?" आमच्याकडे त्यांनी पाहिले नाही. आम्हीही विषय काढला नाही.

मुलगा आता उमेदवारीची जागा शोधतो आहे. पुढे धंदा चालेल की नाही, ते आज सांगता येत नाही. दारे-खिडक्या कारखान्यातून तयार येण्याचे दिवस आहेत. आम्ही त्याला रात्री हिशेब लिहायला, दरपत्रक करायला शिकवतो, कारण चांगला कारागीर हिशेबात बुडालेला आम्ही पाहिला आहे. बारावीही बाहेरून बसून पुरी करायची, असे त्याने कबूल केले आहे. पुस्तक सोडा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पुस्तकाला घरात एक कोपरा देतो तसा हत्यारालाही द्यावा, आणि कोणता कोपरा आपला ते मुलाला ठरवू द्यावे, इतकेच म्हणणे आहे.

एक सांगायचे राहिले. बाकडे पुरे झाले त्या संध्याकाळी वडील पडवीत आले. मुलाने वाइसमध्ये फळी आवळली, रंधा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, पहिला हात तुमचा." वडिलांनी रंधा उलटा करून पाते पाहिले. मग दोन्ही हातांनी धरून एकदाच पुढे नेला. जाड, तुटकी ढलपी निघाली, रंधा मध्येच अडकला. "परत करा," नातू म्हणाला आणि त्याने त्यांचे कोपर धरून दाखवले. चौथ्या खेपेला कागदासारखी लांब ढलपी वळत वर आली. वडिलांनी ती उचलून खिशात घातली आणि आत चहाला गेले.

आता रविवारी सकाळी वाडीतली चार-पाच मुले पडवीत येतात. दोन मुलीही आहेत. आमच्या घरात चपला बाहेर काढायची पद्धत आहे, पण पडवीपुरती ती आम्ही मोडली आहे. जमिनीवर खिळे असतात.